रालामंडलच्या वनरक्षकदादांना

दादा, नमस्कार.

परवा पावसाची भुरभुर चालू असताना काळा चष्मा लावलेल्या एक आजी तुमच्याकडे आल्या होत्या, आठवतं? मी त्यांची मुलगी. आम्ही इंदूरच्या रामबागेतल्या. दोन दिवस झाले तरी मन भरून येतंय, म्हणून लिहितेय.

काचबिंदूने आईची दृष्टी जाऊन चार वर्षं झाली. त्याआधी ती शिक्षिका. रालामंडल १९८९ साली अभयारण्य झालं, आणि मग पावसाळा आला की ती अख्खा वर्ग घेऊन टेकडी चढायची, पार होळकरांच्या शिकारी बंगल्यापर्यंत. यंदा म्हणाली, "एकदा तिथे ने मला."

मला धास्तीच होती. मागच्या महिन्यात दुसऱ्या एका बागेच्या फाटकावर आईदेखत मला विचारलं गेलं, "इनको दिखता नहीं, तो टिकट क्यों ले रही हो?" आई काहीच बोलली नाही. आम्ही तशाच परतलो. रिक्षात मात्र तिने माझा हात सोडला नाही. ते अजून सलतंय.

तुम्ही मला विचारलंच नाही. तिला विचारलंत, "माँजी, साथ चलूँ?" आणि तिचं मनगट न पकडता आपलं कोपर तिच्या हाताशी नेलंत. दादा, चार वर्षांत तिला सगळ्यांनी ओढलंय. रस्त्यात, देवळात, दवाखान्यात. मायेनेच ओढलंय, मीसुद्धा. तुम्ही अर्धं पाऊल पुढे होतात. पायरी आली की तुमचा हात किंचित वर जायचा आणि तिला न सांगता कळायचं. असं वागायला कुठला हुद्दा लागत नाही, तरी किती थोड्यांना सुचतं!

हरणांच्या जाळीपाशी तुम्ही हळूच म्हणालात, "दाहिने हाथ पर चीतल हैं, घास तोड़ने की आवाज़ सुनिए." चर्र, चर्र. इतक्या वेळा तिथे येऊनही तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. मग एकाने खूर आपटला, कळप उधळला, आणि आई लहान मुलीसारखी हसली.

रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या म्हणाली, "त्याने मला ओढलं नाही गं."

रविवारी पुन्हा येतोय. आई भुट्ट्याचा कीस करणार आहे. कणसं किसायला ती अजून कुणाला हात लावू देत नाही. डबाही तुमच्या हातात तीच देणार आहे.