७६, टॉटर्स लेन

लीड्स, रविवार

ती. आई-बाबांस,
सा. न.

हे सगळं फोनवर सांगायला घेतलं होतं. पण ऐन रंगात आले आणि तिकडे कुकरने शिट्टी दिली, आई उठून गेली आणि बाबा, तुम्ही "बरं, बाकी थंडी काय म्हणते?" असं विचारलंत. म्हणून पत्र.

लायब्ररीतून 'डॉक्टर हू' या इथल्या टीव्ही मालिकेच्या अगदी सुरुवातीच्या भागांची डीव्हीडी आणली आहे. इथे आले त्या हिवाळ्यात यातला पहिला भाग पाहिला होता, पण निम्मा वेळ त्यांचे उच्चार समजून घेण्यातच गेला. निळी पेटी आणि काळातला प्रवास, एवढंच डोक्यात राहिलं होतं. (निळी हेही ऐकून, भाग कृष्णधवल आहे.) परवा पुन्हा पाहिला तेव्हा लक्षात आलं की ही गोष्ट त्या डॉक्टरची नाहीच. तो म्हातारा निम्मा भाग होईपर्यंत तोंडही दाखवत नाही. ही गोष्ट तुम्हा दोघांची आहे.

म्हणजे असं की लंडनच्या कोल हिल शाळेत बार्बरा राइट इतिहास शिकवते आणि इयन चेस्टरटन विज्ञान. हसू नका. त्यांच्या वर्गात सुझन नावाची पंधरा वर्षांची मुलगी आहे. हुशार इतकी की शिक्षकांनाच घाम फोडेल, पण अलीकडे गृहपाठाची पार वाट लागलेली. बार्बरा म्हणते, तुझ्या घरी येऊन शिकवते. मुलगी कावरीबावरी होते, आजोबांना परकी माणसं आवडत नाहीत म्हणते. बार्बरा शाळेतून पत्ता काढून स्वतःच जाऊन येते, तर ७६, टॉटर्स लेनवर घर नाहीच, भंगाराचं आवार!

आई, इथे मी डीव्हीडी थांबवली. ती वखार आठवते? मी दुसरीत असेन. तुझ्या वर्गातली एक मुलगी आठ-दहा दिवस आली नव्हती, म्हणून आपण बाबांच्या स्कूटरवरून निघालो. मी पुढे उभी, तू मागे, मांडीवर हजेरीपट. पत्ता सापडला, पण तिथे लाकडांची वखार. बाबा म्हणाले, "चला, उद्या मुख्याध्यापकांच्या कानावर घालू." तू उतरलीस आणि ओंडक्यांना वळसा घालून आत गेलीससुद्धा. मागे पत्र्याची खोली होती आणि दारात ती मुलगी तापाने फणफणलेल्या भावाला मांडीवर घेऊन बसली होती. बार्बरा आणि इयन संध्याकाळी गाडीत दबा धरून बसतात, तेव्हा त्यांचं बोलणं थेट तुमच्यासारखं चालतं. त्याला वाटतं आपण उगाच नाक खुपसतोय, आणि तिला राहवत नाही.

गाडीत बसल्या बसल्या दोघं वर्गातल्या गोष्टी आठवतात. त्यातली एक बाबांसाठी. एका पौंडात शिलिंग किती, हे सुझनला सांगता येत नाही. मग म्हणते, हो की, दशमान पद्धत अजून सुरू झालेली नाही! हे १९६३ सालचं. तेव्हा इथे पौंडाचे २० शिलिंग आणि शिलिंगाचे १२ पेन्स. दशमान पद्धत लागू झाली ती १९७१च्या फेब्रुवारीत, म्हणजे लिहिणाऱ्याचा नेम बरोबर बसला. गंमत अशी की आपल्याकडे नवे पैसे १ एप्रिल १९५७लाच आले होते. आण्यांचे हिशेब सोडवलेल्या आपल्या आजोबांना सुझनचा गोंधळ इयनपेक्षा लवकर कळला असता. मला तर तिची दयाच आली. इथे शेजारच्या बाईंनी पहिल्यांदा 'टी'ला बोलावलं तेव्हा मी पोटभर जेवून गेले होते. इकडे उत्तरेत 'टी' म्हणजे संध्याकाळचं जेवण.

दिग्दर्शकाचं नाव वारिस हुसेन. जन्म लखनौचा, आणि हा भाग केला तेव्हा वय अवघं २४! निर्माती व्हेरिटी लॅम्बर्ट २७ वर्षांची. एकदा सगळा भाग चित्रित करून झाला, तो वरिष्ठांना पसंत पडला नाही, म्हणून पुन्हा पहिल्यापासून केला. प्रक्षेपणाचा दिवस कुठला, तर शनिवार, २३ नोव्हेंबर १९६३, म्हणजे केनेडींच्या हत्येचा दुसरा दिवस. म्हाताऱ्याची पेटी बघायचं कुणाला सुचणार होतं? पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाआधी हाच पुन्हा दाखवला. आणि ती पेटी निघते तेव्हाचा घरघराट आहे ना, तो जुन्या पियानोच्या तारांवर घराची किल्ली खरवडून काढलेला. त्यात मागून फेरफार केले आहेत, पण मुळात किल्लीच. बाबा, तुमच्या प्रयोगशाळेला शोभेल असं काम.

तर आवारात एक पोलीस बॉक्स उभा असतो. तेव्हा रस्त्यांवर पोलिसांना फोन करायला अशा खोक्यासारख्या चौक्या असत. इयन हात लावतो, तर आत काहीतरी थरथरतंय. खोकत म्हातारा येतो, हाच तो डॉक्टर, सुझनचा आजोबा. यांना उडवाउडवीची उत्तरं देतो, आणि आतून सुझनचा आवाज येतो. दोघं त्याला ढकलून आत घुसतात. आत लख्ख उजेडाचं मोठं दालन! बाहेरून कपाटाएवढी पेटी आणि आत हे, इयनला पटतच नाही. म्हातारा वैतागून म्हणतो, टीव्हीवर भलीमोठी इमारत दाखवली की ती तुझ्या बैठकीच्या खोलीत मावतेच ना? विज्ञान म्हणून हे उत्तर अगदीच लंगडं आहे, पण डॉक्टरचं काम करणाऱ्या विल्यम हार्टनेलने ते अशा तोऱ्यात फेकलंय की क्षणभर आपणही मान डोलावतो.

हा डॉक्टर बिलकूल भला माणूस नाही, हे मी विसरलेच होते. आपण आपल्या ग्रहापासून तुटलेले आहोत, पण एक दिवस परत जाणार, असं तो सांगतो. त्या वाक्यापुरता तो हळवा होतो, बाकी सगळा तिरसट. सुझनला मात्र इथेच राहायचंय, शाळा सोडवत नाही. हे दोघं बाहेर गेले तर बोभाटा करतील, आणि नात त्यांच्यामागे जाईल, म्हणून तो सरळ पेटीच सुरू करतो. म्हणजे काळाच्या पहिल्याच सफरीत दोन मास्तर चक्क पळवून नेलेले!

पेटी थांबते ती ओसाड माळावर, आणि वाळूवर एका माणसाची सावली पडते. तिथेच भाग संपतो.

पुढचा अजून पाहिलेला नाही, डीव्हीडी शुक्रवारी परत करायची आहे. आई, खरं सांग, तू आत शिरली असतीस ना? बाबांना विचारत नाही, ते बाहेर स्कूटरपाशीच थांबले असते. आणि त्या वखारीतल्या मुलीचं पुढे काय झालं, ती परत शाळेत आली का? मला आठवत नाही. पुढच्या फोनवर कुकर बंद करून मग सांग.

तुमची
धाकटी