तुमचा शुक्रवार कधी येतो, सर?

भांडुप,
१२ सप्टेंबर

प्रिय दत्ता,

तुझा तीन मिनिटांचा व्हॉइस मेसेज ऐकला. बोलून उत्तर द्यायला दोनदा सुरुवात केली, पण आमच्या चाळीत संध्याकाळी मिक्सर आणि मालिकांपुढे कुणाचं काय चालतंय? म्हणून जेवणं उरकून कागद घेऊन बसलोय. अक्षर तेच आहे, डीएडला तू ज्याला मुंग्यांचं संमेलन म्हणायचास. लागेल तसं वाच.

तू म्हणतोस, तुझा ओंकार कशालाच चिकटून राहत नाही, बुद्धिबळ चार दिवसांत सुटलं, तबला दोन महिन्यांत, आणि आता वहिनी म्हणतायत की दिवाळीच्या सुट्टीत व्यक्तिमत्त्व विकास शिबिरात घालू, ३,५०० रुपये फी. घाल नाहीतर नको घालू, मला त्यावर काही मत नाही. (आहे, पण वहिनी हे पत्र वाचणार.) त्यापेक्षा माझीच एक फजिती सांगतो.

जूनमध्ये मला चौथीचा वर्ग मिळाला, पट ३८. पहिल्याच आठवड्यात मोठ्या तोऱ्यात सांगून टाकलं, दर शुक्रवारी शेवटचा तास मैदानावर. पोरांनी छप्पर डोक्यावर घेतलं. पहिला शुक्रवार पावसात गेला. दुसऱ्या शुक्रवारी यूडायसची, म्हणजे सरकारला द्यायची शाळेची माहिती भरायची होती. तिसऱ्याला मीटिंग. चौथ्याला कारण काहीच नव्हतं, मीच विसरलो.

जुलैत परिसर अभ्यासासाठी वाल पेरले. पाण्याच्या बाटल्यांची बुडं कापून आणली होती, प्रत्येकाची वेगळी, वर नावाची चिकटपट्टी. आठवडाभर फक्त पाणी घालायचं आणि बघायचं, एवढंच काम. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर निम्म्या बाटल्यांतली माती उकरलेली. एकीने तर वाल काढून, धुऊन, पुन्हा वर ठेवला होता. मी चिडलो. तिथल्या तिथे धीर या विषयावर अख्खा परिपाठ दिला, फळ गोडबिड सगळं. तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी, जी एरवी हजेरीलासुद्धा नुसती मान हलवते, ती म्हणाली, “पण सर, तुमचा शुक्रवार पण येणार येणार म्हणता.”

कुणी हसलं नाही रे. ते जास्त लागलं.

स्टाफरूममध्ये हे सांगितलं तर ठरलेलं उत्तर आलं, “डोंगरावरच्या वस्तीतली पोरं, यांना कुठला धीर!” आता ऐक. ही मुलगी पहाटे नळावर हंडे लावून तासभर रांगेत उभी असते, मग धाकट्या भावाला बालवाडीत सोडून शाळेत येते. तिला धीर नाही? पाणी येतं हे तिला माहीत आहे, म्हणून ती थांबते. माझ्या शुक्रवारचा तिला काही अनुभव नव्हता. म्हणजे होता, तोच वाईट होता.

तुला डीएडला शिकवलेला तो मिठाईचा प्रयोग आठवतो? स्टॅनफर्डचे वॉल्टर मिशेल. पोरासमोर एक मार्शमेलो ठेवायचा, थांबलास तर दोन. जे थांबले ते पुढे यशस्वी झाले, असं आपण घोकलं होतं. २०१८ मध्ये नऊशेहून जास्त मुलांची माहिती पुन्हा तपासली, तेव्हा घरची परिस्थिती हिशोबात धरल्यावर तो संबंध बराच फिका पडला. पण मला जास्त आवडला तो २०१३ चा, अमेरिकेतल्याच रॉचेस्टरचा. मुलं फक्त २८, बालवाडीच्या वयाची. आधी चित्र काढायला झिजके खडू दिले आणि सांगितलं, थांब, चांगले आणते. निम्म्या मुलांना ते खरंच आणून दिले. निम्म्यांपाशी प्रयोग घेणाऱ्या बाई रिकाम्या हाताने परतल्या, सॉरी, संपले. मग स्टिकरचंही तसंच. त्यानंतर मार्शमेलो. शब्द पाळलेल्या गटातली मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली, फसवलेली ३ मिनिटं. वाल उकरणाऱ्या माझ्या पोरांचा हिशोब अगदी चोख होता म्हण ना.

तेव्हापासून फळ्याशेजारी कॅलेंडर लावलंय. जमेल तेवढंच बोलतो. शुक्रवार बुडणार असेल तर सकाळीच सांगतो आणि बदलीची तारीख त्यांच्यासमोर लिहितो. याने माझी बडबड निम्म्यावर आली, हा बोनस. ऑगस्टमध्ये पुन्हा वाल पेरले. या खेपेला चारच उकरले गेले, त्यातला एक मी. शाळा सुटल्यावर राहवलं नाही.

नोंदींचंही तेच. आकारिक मूल्यमापनात प्रत्येक मुलाबद्दल जे वर्णन लिहायचं, त्याच्या तयार नोंदी व्हॉट्सअॅपवर फिरतात, तुलाही येत असतील. गेल्या वर्षी ‘नम्रपणे बोलतो’ मी एकवीस जणांना वाटलं. त्यातला एक त्याच आठवड्यात मला शिवी देऊन पळाला होता. यंदा खिशात छोटी वही ठेवतो आणि दिसेल ते टिपतो. परवाचं वाचून दाखवतो: ‘खिचडी वाढताना शेवटच्या चौघांना पुरावी म्हणून याने डाव अर्धा भरायला सुरुवात केली. कुणी सांगितलं नव्हतं. स्वतःलाही अर्धाच घेतला.’ आपण श्रमप्रतिष्ठेपासून वक्तशीरपणापर्यंत दहा मूल्यं पाठ केली होती, त्यातल्या कुठल्या रकान्यात हे बसवू? मोठ्या बाईंनी वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या, “वरून विचारलं तर मात्र तुम्हीच उत्तर द्या.”

आता ओंकार. बुद्धिबळ चौथ्या दिवशी सुटलं म्हणालास, पण त्याच दिवशी तो तुझ्या पुतण्याकडून हरला, हेही तूच सांगितलंस. बालवाडीपासून येईल त्या पाहुण्यापुढे तुम्ही त्याला ‘आमचा हुशार’ म्हणून उभा करता. १९९८ मध्ये म्युलर आणि ड्वेक या दोघींनी पाचवीच्या मुलांवर हे तपासलं होतं. ‘हुशार आहेस’ ऐकलेली बरीचशी मुलं पुढे सोपी कोडी मागू लागली, ‘मेहनत केलीस’ ऐकलेली अवघड. हुशार हरला तर उरतो काय, मग डावच नको. डाव कुठे फसला, घोडा कशाला हलवला, एवढं जरी त्याच्याशी बोललास तरी पुष्कळ. शाबासकी नाही दिलीस तरी चालेल.

आणि एक. मागच्या मे महिन्यात फोनवर तो मला म्हणाला, “काका, बाबा मला राणीच्या बागेत पेंग्विन दाखवायला आणणार आहेत.” त्याच्या आधीच्या मेमध्येही हेच म्हणाला होता. शिबिराचं नाव मात्र त्याच्या तोंडून एकदाही ऐकलं नाही. दिवाळीत या, आमच्याकडेच उतरा, जागा होईल. बुधवारी बाग बंद असते, तो सोडून. पण तिकीट कन्फर्म होईपर्यंत त्याला काही बोलू नकोस.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुऱ्या