भिवंडीच्या गोदामात काम करणाऱ्या लेकीस

सांगली,
रविवार

चि. माऊस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू घाईत होतीस. सिस्टीम म्हणते माल आलाय, माल कुठंच सापडत नाही, आणि मॅनेजर म्हणतो की शिफ्टमधल्या त्या दोन पोरांची नावं लिहून दे. मी तुला एवढंच म्हटलं की दोन-चार दिवस थांब, नावं देऊ नकोस. का म्हटलं ते फोनवर सांगण्याइतकं छोटं नव्हतं, म्हणून हे पत्र.

तुला माहीत आहे, बी.कॉम. झाल्यावर १९८४ साली मी वखारभागातल्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बुकिंग क्लार्क म्हणून लागलो. कंपनी काही देशभर पसरलेली नव्हती. मुंबई, पुणे, सातारा, कऱ्हाड, कोल्हापूर, इचलकरंजी आणि आमची सांगली, एवढाच तिचा पसारा. इथून हळद, बेदाणे, गूळ, इचलकरंजीच्या कापडाच्या गाठी, कोल्हापूरच्या फाउंड्रीतलं कास्टिंग वर जायचं, आणि मुंबईहून औषधं, हार्डवेअर, स्टेशनरी, मशीद बंदरचा किराणा खाली यायचा. तू लहानपणी ऑफिसात यायचीस तेव्हा तुला आवडायचा तो कार्बन पेपर. त्या कार्बनखाली जो कागद निघायचा, ती बिल्टी, म्हणजे ट्रान्सपोर्टला दिलेल्या मालाची पावती. तिच्यावर माणसाचा किती जीव असायचा हे तुला तेव्हा कळण्याचं वय नव्हतं.

व्यापारी माल आमच्याकडं टाकायचा आणि बिल्टी हुंडीबरोबर, म्हणजे पैसे मागणाऱ्या कागदाबरोबर, बँकेत लावायचा. मुंबईच्या घेणाऱ्यानं तिकडं बँकेत पैसे भरले की बिल्टी सुटायची, आणि ती काउंटरवर दाखवली की मगच माल. सेल्फची, म्हणजे पाठवणाऱ्यानं स्वतःच्याच नावावर केलेली, बिल्टी असेल तर तिच्या पाठीमागची सही आधी बघायची. बिल्टीशिवाय कुणी ओळखीचा शेठ जरी आला, लग्नाचा माल आहे म्हणून हात जोडले, तरी हमीपत्र घेतल्याशिवाय नग हलवायचा नाही. कारण तो कागद म्हणजे पलीकडच्या माणसाचे अडकलेले पैसे. तुमच्याकडं ओटीपी सांगितला की डबा हातात पडतो, त्याच्या मागंही तोच विश्वास आहे.

आता मुद्द्याचं सांगतो. नोकरीला लागून फार काळ झाला नव्हता तेव्हाची गोष्ट. ऑक्टोबर छाटणी झालेली, वरून परतीचा पाऊस, आणि तासगाव भागातल्या द्राक्षबागांवर डाऊनी रोग आलेला. एक बागायतदार सकाळी गोदाम उघडायच्या आधीच दारात उभा. फवारणीच्या एचटीपी पंपाचे सुटे भाग पुण्याहून मागवले होते. बिल्टीवर चार नग, गोदामात तीन. चौथं खोकं नाही. पुण्याच्या चलनावर, म्हणजे ट्रकबरोबर आलेल्या मालाच्या यादीवर, चारही नगांवर टिक, उतरवून घेताना आमच्याकडंही चारच मोजलेले. म्हणजे माल सांगलीत उतरला आणि इथं येऊन गायब झाला, असं कागद सांगत होता. ऑफिसातल्या वरिष्ठांनी लगेच निकाल दिला: रात्रीच्या टोळीतल्या कुणीतरी लांबवलं, हमालीतून कापून घ्या.

बागायतदार तर रडवेला झाला होता. द्राक्षाच्या बागेला त्या दिवसांत एक फवारणी चुकली तरी घड हातचे जातात, हे तुला इथली मुलगी म्हणून वेगळं सांगायला नको.

टोळीचा मुकादम जत तालुक्यातला. १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून सांगलीला आला तो पोत्याखालीच म्हातारा झाला. अक्षरओळख नव्हती, निम्मं बोलणं कानडीत. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं. तो क्षणभर गप्प राहिला, मग सदऱ्याचं बटण काढून त्यानं डावा खांदा उघडा केला. खांद्यापासून मानेकडं गेलेला ताजा ओरखडा. म्हणाला, "त्ये बारकं खोकं व्हय? बारकं हाय पर वजनाला लई भारी. एका अंगाला खिळा वर आलाय, ह्यो बगा. मीच उतरवलंय. विट्याच्या थप्पीला लागलंय त्ये, आन् विट्याचा टेम्पो कालच गेला."

खोक्यावरचा मार्का पावसानं पुसट झालेला. टोळीतल्या नव्या पोरानं जेवढं दिसलं तेवढं वाचून विट्याची थप्पी सांगितली होती. चोरी नाही, की लबाडी नाही. विट्याच्या एजंटला फोन लावला, त्यानं खोकं उलटंपालटं करून खिळा कुठं आहे ते सांगितलं, आणि बागायतदार बिल्टी खिशात घालून मोटारसायकलवर थेट विट्याला गेला. कापायची हमाली कापली नाही.

रजिस्टरात चार नग बरोबर होते. चलनात बरोबर होते. त्या दोन्ही कागदांना त्या खोक्याबद्दल जे ठाऊक नव्हतं, ते एका माणसाच्या खांद्याला ठाऊक होतं. तेव्हापासून शॉर्टेजचा शेरा मारण्याआधी मी टोळीला विचारायचो. ऑफिस इनचार्ज झाल्यावर तर तो आमच्या गोदामाचा नियमच केला. यात कुणावर उपकार नव्हते. हरवलेला माल सर्वांत लवकर सापडण्याची तीच वाट होती.

हमालाला काय काय कळतं ते तुला सांगायचं तर एक भरती सांगतो. मुंबईचा ट्रक भरताना शेवटी उतरणारा माल आधी, केबिनच्या बाजूला. कऱ्हाड-साताऱ्याचा शेवटी, फाळक्याजवळ. एवढं क्लार्कलाही कळतं. पण हळदीच्या पोत्यांच्या वर कापडाची गाठ ठेवायची नाही, कारण पोतं घासून रंग उतरतो आणि पांढऱ्या कापडाच्या भरपाईचा दावा ठरलेला. कीटकनाशकाच्या डब्यांशेजारी चहाची पेटी नको. कास्टिंग तळाला, पण एका बाजूला नाही, नाहीतर खंबाटकीच्या वळणावर गाडी झोल खाते. काचसामान वर, पण ताडपत्रीचा दोर जिथं आवळला जातो तिथं नको. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. मुकादम नुसता थप्पीकडं बघून "ह्ये आधी, ह्ये मागनं" म्हणत जायचा आणि पुण्यात ट्रक उघडला की माल जसाच्या तसा.

ड्रायव्हर लोकांचंही तसंच. खंबाटकीचा बोगदा झाला नव्हता तेव्हा येणाऱ्या-जाणाऱ्या दोन्ही गाड्यांना तोच घाट होता, आणि एक ट्रक बंद पडला की खाली सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्यापर्यंत रांग. मुंबईच्या जकात नाक्यावर तर रात्र गेली तरी कुणाला नवल वाटायचं नाही. तिथली जकात गेली २०१७ च्या १ जुलैला, जीएसटी आल्यावर. तुमच्या गाड्या आज ई-वे बिलावर न थांबता जातात याचा मला मनापासून आनंद आहे. ड्रायव्हरच्या झोपेचे ते तास नाक्यावर वाया जाताना मी वर्षानुवर्षं बघितलेत.

कायद्याचं एक सांगून ठेवतो, तुझ्या कामाला येईल. आमच्या बिल्टीच्या पाठीवर बारीक इंग्रजीत छापलेलं असायचं की माल मालकाच्या जोखमीवर. गिऱ्हाईकाला तेच दाखवून वाटेला लावायची पद्धत होती. पण आपल्याकडं १८६५ चा वाहतूकदारांचा कायदा होता, आणि त्यात स्पष्ट होतं की माल हरवला तर वाहतूकदाराचा निष्काळजीपणा सिद्ध करायची जबाबदारी माल देणाऱ्यावर नाही. तो कायदा २०११ पर्यंत चालला, मग २००७ चा नवा कायदा अमलात आला. जबाबदारी त्यातही वाहतूकदाराचीच. म्हणजे दीडशे वर्षं कायदा कंपनीला सांगतोय की माल तुझ्या ताब्यात होता, उत्तर तू दे. आणि कंपन्या ते उत्तर एकेक पायरी खाली ढकलत सर्वांत खालच्या माणसाच्या पगारावर आणून ठेवतात. हे मला तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही.

त्या खालच्या माणसाकडं तेव्हा निदान माथाडी कायदा तरी होता. १९६९ चा. अण्णासाहेब पाटलांनी मुंबईच्या हमालांना एकत्र करून मिळवलेला. टोळी माथाडी मंडळात नोंदली की मजुरी मंडळामार्फत, आणि मालकानं मजुरीवर भरायच्या लेव्हीतून फंड, रजा, दवाखाना. पुण्यात बाबा आढावांची हमाल पंचायत होती. तिच्या 'कष्टाची भाकर'मध्ये आमचे ड्रायव्हर, क्लीनर जेवायचे आणि परत येऊन त्या पिठलं-भाकरीचं कौतुक करायचे. आमच्या टोळीची नोंदणी करायची म्हटल्यावर ऑफिसात बरीच कुरकुर झाली, खर्च वाढेल म्हणून. मी कागद तयार करून टेबलावर ठेवत राहिलो. शेवटी नोंदणी झाली. मुकादम थकून घरी बसला तेव्हा फंडाचे पैसे त्याच्या हातात पडले, नोकरीतल्या ज्या मोजक्या गोष्टींचं मला समाधान आहे त्यातली ही पहिली.

आणि २००५ चा महापूर. वखारभागात पाणी चढायला लागलं तेव्हा स्वतःची घरं पाण्यात असलेल्या माणसांनी आमचा माल आधी माळ्यावर, मग विश्रामबागेकडं हलवला. कुणाला बोलवायला जावं लागलं नाही. ज्यांच्यावर आपण एका खोक्यासाठी संशय घेतो ती हीच माणसं.

तुझ्याकडची पोरं टोळीतली नाहीत, कंत्राटदाराची आहेत, दर काही महिन्यांनी बदलतात, हे तू सांगितलंस. त्यांना मंडळ नाही, मुकादमही नाही. म्हणून तर त्यांचं विचारणारं कुणी असेल तर ती तू. स्कॅनरनं टिट् केलं म्हणजे डबा त्या दारातून आत आला, एवढंच खरं. पुढं तो कुठल्या पट्ट्यावर गेला, लेबल दुमडलं का, दुसऱ्या पिशवीच्या पोटात गेला का, हे त्या पोरांच्या हातांना ठाऊक असणार. पण त्यांना कुणी विचारलंय का? की थेट नावंच मागितली?

तेव्हा असं कर. दोघांना एकत्र नको, वेगवेगळं बोलव, आणि ऑफिसात नको, जिथं माल उतरतो तिथंच उभी राहून विचार. डबा कसा होता ते विचार: जड की हलका, टेप कसली, कोपरा फुटला होता का. घाबरलेल्या माणसाला "कुठं ठेवलास" विचारलं तर तो काहीच सांगत नाही, डबा कसा होता विचारलं तर आठवतं. मग त्याच रात्री निघालेल्या नाशिक, कल्याण, पनवेलच्या गाड्यांच्या ठिकाणी फोन कर. लेबल नसलेला, कुणाचा ते कळत नाही म्हणून कोपऱ्यात टाकलेला माल प्रत्येक गोदामात असतो, तो आधी उपसायला सांग. एवढं करूनही नाही सापडलं, तर जे जे शोधलं ते सगळं लिहून मॅनेजरला दे आणि त्यात "या दोघांविरुद्ध काही आढळलं नाही" हे वाक्य तुझ्या सहीनं असू दे. त्यानं तुझ्यावर नाराजी आली तर येऊ दे, तुझी आई आणि मी तुझ्या पाठीशी आहोत.

अजून एक. उन्हाळा येतोय. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी काय होतं ते मला माहीत आहे. पिण्याच्या पाण्याचा पिंप ट्रक लागतात त्या बाजूला ठेवायला सांग, ऑफिसच्या दाराशी नको. तिथवर यायला पोरं संकोचतात.

आईनं शेंगदाण्याची चटणी आणि तासगावचे बेदाणे बांधून ठेवलेत. तुझा मामेभाऊ शनिवारी कल्याणला येतोय, त्याच्याबरोबर पाठवतो. खोकं सापडलं की रात्री कितीही वाजले तरी फोन कर.

तुझे,
आप्पा