आजोबांची बोट जिथं बांधली तिथूनच लिहितेय

ती. बाबा आणि आई, साष्टांग नमस्कार. आजीला पण माझा नमस्कार सांगा.

मी बरी आहे, खोकला गेला. त्या दिवशी नाईट करून आले होते म्हणून आवाज तसा येत होता, आई उगाच घाबरली. जेवणखाण व्यवस्थित आहे, ड्युटीचं सगळं तुम्हाला पाठच झालंय, ते परत लिहीत नाही. आज सुट्टी आहे, आणि फोनवर दोन वाक्यं झाली की आई रडायला लागते मग सगळं सांगायचं राहूनच जातं, म्हणून म्हटलं निवांत बसून लिहू. आजीला सईनं मोठ्यानं वाचून दाखवावं.

सुहासकाकांनी नेटवर बघून सांगितलं ना की गव्हन म्हणजे ग्लासगोतला वाईट भाग, गरिबी, दारू, मारामाऱ्या. बाबा, गरिबी आहे, खोटं कशाला सांगू, बंद दुकानं आहेत, कामधंदा गेलेली माणसं पण आहेत. पण मी इथं राहते कारण हॉस्पिटल चालत जाण्याइतकं जवळ आहे आणि भाडं परवडतं. रात्री उशिरा येते तेव्हा खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाई खिडकीतला दिवा चालू ठेवतात, त्यांचे मिस्टर इथल्या जहाजं बांधायच्या यार्डात वेल्डर होते. काकांना म्हणावं, एवढं तरी ऐकून घ्या मग बोला.

आता खरी गोष्ट. आजोबांच्या सीडीसीच्या बुकाचे, म्हणजे खलाशाच्या नोकरीच्या नोंदवहीचे, फोटो सईनं पाठवले होते त्यात बोटीचं नाव सिलिशिया आहे बघा. आपल्याला एवढंच माहीत होतं की आजोबा अँकर लाईनच्या बोटीवर डेकवर खलाशी होते आणि मुंबईहून विलायतेला जायचे. तर बाबा, अँकर लाईन ही ग्लासगोचीच कंपनी, आणि सिलिशिया बांधली ती माझ्या घरापासून दहा-बारा मिनिटांवर असलेल्या फेअरफील्ड यार्डात, 1938 ला ती मुंबईच्या फेऱ्यांना लागली. तिच्या बरोबरीच्या सर्कॅशिया आणि कॅलेडोनिया पण इथल्याच, 1966 पर्यंत ही मुंबईची लाईन चालू होती. मी ते वाचलं आणि तसाच कोट घालून यार्डाकडे चालत गेले.

यार्डाचं जुनं ऑफिस लाल दगडाचं आहे, तिथं आता म्युझियम केलंय. दाराच्या दोन्ही बाजूंना दोन कामगार दगडात कोरलेत, एक जहाज बांधणारा सुतार आणि एक इंजिनीअर, अंगावर कामाचेच कपडे, आणि दोघं जहाजाच्या नाळेतून, म्हणजे पुढच्या टोकातून, पुढे आल्यासारखे उभे आहेत. साहेबांच्या ऑफिसच्या दारावर मालकाचा पुतळा नाही, कामगारांचे आहेत, मला ते फार आवडलं. मी बराच वेळ तिथंच उभी होते.

पूर्वी गव्हन म्हणजे क्लाईड नदीकाठचं विणकरांचं छोटं गाव होतं. त्याच्याही आधीचं म्हणजे जुन्या चर्चमध्ये हजार वर्षांपूर्वीचे कोरीव दगड आहेत, व्हायकिंगांच्या काळातले, ते मी आजीला व्हिडिओवर दाखवीन. मग नदी खोल केली, जहाजांचे कारखाने आले आणि 1864 ला 9 हजारांच्या आसपास असलेली वस्ती 1912 ला ग्लासगोत सामील होईपर्यंत 90 हजारांच्या घरात गेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जगातलं साधारण पाचातलं एक जहाज या क्लाईड नदीवर बांधलेलं असायचं. फेअरफील्डचा पाया घातला जॉन एल्डरनं, त्याच्या इंजिनाला कोळसा फार कमी लागायचा म्हणून जहाजं लांबलांब जायला लागली. तो 1869 ला पंचेचाळिसाव्या वर्षीच वारला आणि बायको इझाबेला हिनं काही महिने अख्खा कारखाना स्वतः सांभाळला. नंतर तिनं इथल्या लोकांसाठी बाग दिली, लायब्ररी दिली, हॉस्पिटल दिलं, आणि मुलींच्या कॉलेजसाठी जागा दिली. त्याच कॉलेजमध्ये शिकलेली मॅरियन गिलख्रिस्ट 1894 ला डॉक्टर झाली, स्कॉटलंडच्या युनिव्हर्सिटीतून मेडिकलची डिग्री घेणारी पहिली बाई. मी ड्युटीवरून येताना त्याच बागेतून येते, इझाबेलाबाईंचा पुतळा आहे तिथं. आई, तू म्हणतेस ना की मुलगी एवढ्या लांब एकटी, तर या वस्तीत बायकांनी फार काय काय केलेलं आहे.

सबवे स्टेशनच्या बाहेर मेरी बार्बरचा पुतळा आहे, त्यात ती एकटी नाही, तिच्या मागून माणसं चालत येतायत. 1915 ला युद्धाच्या कामासाठी इथं माणसं आली, खोल्या कमी पडल्या, मग घरमालकांनी भाडी वाढवली आणि नवरे लढाईवर गेलेल्या बायकांना घराबाहेर काढायला लागले. मेरीच्या पुढाकारानं या बायकांनी भाडं द्यायचंच बंद केलं, बेलीफ आला की भांडी बडवून जिन्यावरच्या सगळ्या बायका गोळा करायच्या आणि त्याच्या अंगावर पीठ टाकायच्या. त्याच वर्षी सरकारला कायदा करून भाडी युद्धाच्या आधीच्या दरावर गोठवावी लागली.

आणि काका इथल्या दारूबद्दल बोलले ना, त्याबद्दल. 1971 ला सरकारनं क्लाईडवरच्या यार्डांना 60 लाख पौंड द्यायला नकार दिला, साडेआठ हजारांतली निदान सहा हजार माणसं रस्त्यावर येणार होती. त्यांनी संप नाही केला, ते रोज कामावर जात राहिले, गेट युनियननं ताब्यात घेतलं आणि ज्यांना काढलं त्यांचा पगार वर्गणीतून दिला. जिमी रीड म्हणून त्यांचा पुढारी होता, गव्हनमध्येच जन्मलेला, त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं की दंगा नाही, नासधूस नाही, दारू नाही, सगळं जग आपल्याकडे बघतंय. पुढच्या फेब्रुवारीत सरकारनं साडेतीन कोटी पौंड दिले. इथले दुसरे मोठे यार्ड त्याआधीच बंद पडले होते, पण फेअरफील्डचं अजून चालू आहे, तिथं आता नेव्हीच्या फ्रिगेट बांधतात. सकाळी मी घरी येते तेव्हा शिफ्टची माणसं आत जात असतात.

एक गोष्ट मात्र मला अजून पचत नाही. इथं जूनच्या पहिल्या शुक्रवारी जत्रा असते आणि मिरवणुकीत काय नेतात तर काठीवर लावलेलं मेंढराचं डोकं! आपल्या शिमग्याला पालखी नाचवतात त्या कौतुकानं नेतात बाबा, बँड असतो, लहान मुलं ट्रकवर बसलेली, एका मुलीला राणी करतात. मी शेजारच्या बाईंना विचारलं, हे काय. त्या म्हणाल्या, फार पूर्वी पाद्र्याच्या घरी एक मुलगी कामाला होती, एका मुलाचं तिच्यावर प्रेम होतं, पाद्री लग्नाला परवानगी देईना. मग त्या मुलानं रागानं पाद्र्याच्या मेंढरांची डोकी उडवली आणि पोरीला घेऊन गेला, आणि गावानं काय करावं, तर पोराचीच बाजू घेतली आणि एक डोकं मिरवलं. विणकरांच्या काळापासून हे चालू आहे म्हणतात. मी विचारलं पण मेंढरांचा काय दोष, तर त्या नुसत्या हसल्या. यावर कोणाला काही चुकीचं वाटत नाही, शाळेतली मुलं पण डोळे मोठे करून बघत असतात, आणि संपलं की सगळे आईस्क्रीम खायला जातात. आजीला हे सांगताना जेवायच्या वेळी सांगू नका.

आता लग्नाचं. आई, चिपळूणच्या मुलाशी मी दोनदा बोलले, मुलगा सरळ आहे, त्याच्यात खोट काढत नाहीये. पण त्यांच्याकडच्यांना मी नोकरी सोडून परत यायला हवीय आणि माझं लोन अजून दोन वर्षं आहे, ते बाबांच्या पेन्शनीवर टाकून मी येणार नाही. त्यांना थांबवून ठेवू नका, स्पष्ट नाही सांगा. सईचं लग्न माझ्यासाठी अडवायचं नाही, मोठीच्या आधी धाकटी म्हणून कोण काय बोलतंय ते बोलू दे. फेब्रुवारीची रजा टाकलीय, मिळेल, नाही मिळाली तर अदलाबदल करून येईन. बाबांच्या मोतीबिंदूच्या वेळी मी नव्हते, गणपतीला नव्हते, ते डोक्यातून जात नाही, दुसऱ्यांच्या बाबांना मी रोज डोळ्यात थेंब घालते. पण सईच्या हळदीला मी असणार म्हणजे असणार.

सोमवारी पैसे पाठवलेत. त्यातले निम्मे हॉलच्या ॲडव्हान्सला आणि निम्मे मागच्या पडवीच्या पत्र्यांना, बाबा, हे एफडीत टाकायचे नाहीत, पावसाआधी पत्रे बदलायचेत. सुहासकाकांकडून उसने घेतलेले पहिल्यांदा परत करा, मी पुढच्या पगाराला तेवढे जास्त टाकते. आणि सीडीसीचं बुक लॅमिनेट करू नका, कोरड्या डब्यात ठेवा, मी आले की त्याचं प्रत्येक पान स्कॅन करणार आहे. पैसे जमा झाले की मेसेज करा.

तुमची,
मीनल