सरावही बघायला येऊ द्या

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

शाळांच्या संघांच्या सरावाचे फोटो छापून जागा कशाला घालवता, निकाल काय लागला तेवढं छापा, अशा अर्थाचं एका वाचकाचं पत्र मागे आपल्या पानावर आलं होतं. सराव ही बघायची गोष्टच नाही, असं त्यांचं म्हणणं दिसतं. मी इथल्या एका मुलींच्या शाळेत निवृत्त होईपर्यंत खो-खो शिकवला. मला हे पत्र पटलं नाही. उत्तर द्यायचं तर बडोद्यातलेच दाखले पुरले असते, पण नुकतीच लेकीकडून परत आले आहे आणि तिथे जे पाहिलं ते अजून डोक्यातून जात नाही, म्हणून जरा लांबून सुरुवात करते.

लेक-जावई अमेरिकेत कोलंबसला असतात. त्या गावात राहायचं आणि ओहायो स्टेट विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचं नाव कानावर पडू द्यायचं नाही, हे शक्यच नाही. दूधवाल्यापासून दंतवैद्यापर्यंत सगळे त्याच गप्पा मारतात. (हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. लंबगोल चेंडू, डोक्यावर हेल्मेट, खांद्यावर चिलखत आणि समोरच्याला आडवं पाडणं, असा तो खेळ.) पहिल्यांदा मला ती निव्वळ दांडगाई वाटली होती. मग नातीने नियम समजावले, चढाई-पकड डोळ्यांसमोर आणल्यावर बरंचसं उलगडलं, आणि आता मी त्या संघाची पक्की चाहती आहे. 2025 च्या जानेवारीत तर दोन दिवस घरात दिवाळीच होती. 19 तारखेला दिल्लीत आपल्या मुलींनी आणि मुलांनी खो-खोचा पहिला विश्वचषक जिंकला, आणि 20 तारखेला अटलांटात ओहायो स्टेटने नॉत्र दामला 34-23 हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. त्याआधी नोव्हेंबरमध्ये मिशिगनकडून घरच्याच मैदानावर हरल्यामुळे हेच लोक प्रशिक्षक रायन डे यांना हाकला म्हणत होते, ते आता कोणालाच आठवत नाही.

हंगाम ऑगस्टच्या अखेरीला सुरू होतो आणि जानेवारीत संपतो. मग मार्च-एप्रिलमध्ये वसंत ऋतूतला सराव असतो. तोही मनाला येईल तसा नाही. महाविद्यालयीन खेळांच्या संघटनेने सत्रं ठरवून दिली आहेत: फक्त 15. त्यातली पहिली दोन नुसतं हेल्मेट घालून, चिलखताशिवाय. समोरच्याला खरोखर आडवं पाडायचं ते जास्तीत जास्त आठ सत्रांत. मुलांची हाडं आणि डोकी शाबूत राहावीत म्हणून हा हिशेब. रोजचा सराव बंद दाराआड चालतो, पण शेवटी एक दिवस मोठ्या स्टेडियममध्ये आपसात सामना ठेवतात आणि लोकांना बोलावतात. समोर परका संघ नाही, जिंकलं-हरलं तरी कुठे नोंद नाही. तरीही 2016 साली या सरावाच्या सामन्याला 1,00,189 माणसं आली होती.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये मी नातीबरोबर गेले, ती मुद्दाम तासभर आधी. तिला घाई कशाची ते कळेना. पण सामन्याआधी मुलं अंग मोकळं करायला उतरतात, तोच भाग मला बघायचा होता. स्टेडियम 1922 सालचं, घोड्याच्या नालेच्या आकाराचं. उन्हं पडलेली, वारा बोचरा. मी स्वेटरवर शाल गुंडाळून बसले. शेजारी एक आजोबा खेळाडूंची छापील यादी आणि पेन्सिल घेऊन बसलेले. यादीत एकाच क्रमांकाचे दोन-दोन खेळाडू होते. वसंतात मुलं इतकी असतात की नंबर पुरत नाहीत, म्हणून एक आक्रमणातला आणि एक बचावातला असे दोघे तोच नंबर घालतात.

मैदानावर प्रत्येक जण आपापल्या कोपऱ्यात काही करत होता. नातीचं लक्ष चेंडू फेकणाऱ्यांकडे. माझं लक्ष मात्र आघाडीच्या रांगेतल्या मुलांवर खिळलं. एकेकाचं वजन 140 किलोच्या आसपास. त्यांच्या हातात चेंडू कधी येत नाही, टीव्हीवर त्यांचं नाव येतं ते चूक झाली तरच. ती मुलं एका हाताची बोटं जमिनीवर टेकवून, पाठ सपाट ठेवून, मान वर करून बसली. शिट्टी झाली की एक पाऊल टाकायचं. एकच, तेही वीतभर. मग थांबायचं, मागे यायचं, पुन्हा बसायचं. चेंडू नाही, समोर कोणी नाही, नुसतं पाऊल. त्यातला एक उंच पोरगा दर वेळी आधी उभा राहत होता आणि मग पाऊल टाकत होता. प्रशिक्षक त्याच्या बाजूला आला आणि काही न बोलता त्याच्या पाठीच्या वीतभर वर आपला तळहात आडवा धरून उभा राहिला. शिट्टी झाली. पोराची पाठ हाताला लागली. पुन्हा. पुन्हा लागली. तिसऱ्या की चौथ्या खेपेला तो हाताखालून सुटला, आणि मी वरून "शाब्बास!" म्हणून ओरडले. आजोबा दचकले.

"आजी, तू त्या ढोल्या मुलांकडेच काय बघत बसलीस?" नात म्हणाली.

काय सांगणार तिला? मी आयुष्यभर हेच शिकवत आले. पाटात बसलेल्या मुलीला खो मिळाला की नवखी मुलगी आधी उठते, सरळ होते आणि मग धावते. तेवढ्यात समोरची खांब गाठते. उठून पळायचं नसतं, पळतच उठायचं असतं. मागच्या पायाचा चवडा जमिनीत रुतलेला हवा, खांदा ज्या दिशेला वळला त्याच दिशेला पहिलं पाऊल, आणि डोकं तेवढ्याच उंचीवर. मुलींना हे सांगून कळत नाही. मी त्यांच्या डोक्यावर रजिस्टर आडवं धरत असे. सामन्यात यातलं काहीही दिसत नाही, दिसते ती फक्त गडी बाद झाल्याची शिट्टी. त्या मुलीने ते अर्धं पाऊल कुठून आणलं, ते सरावात येणाऱ्यालाच कळतं.

बाकी लोकांना उत्सुकता होती क्वार्टरबॅकची. संघ ज्याच्या हातातून चालतो तो हा खेळाडू. विजेतेपद मिळवून देणारा विल हॉवर्ड महाविद्यालयीन खेळ संपवून गेला, जागा रिकामी, आणि उमेदवार तीन. ज्युलियन सेयिन अलाबामाहून आलेला, लिंकन कीनहोल्ट्झ साउथ डकोटाचा, आणि टेव्हियन सेंट क्लेअर तर अजून शाळकरी वयाचा, ओहायोचाच. शाळा लवकर आटोपून वसंताच्या सरावाला हजर झालेला. तिघांना वेगळ्या रंगाचे शर्ट, म्हणजे यांना कोणी आडवं पाडायचं नाही. माझं मत विचाराल तर सेयिन. चेंडू त्याच्या हातातून फार लवकर सुटतो, मनगट फिरलेलं दिसेपर्यंत चेंडू निघालेला असतो. कीनहोल्ट्झचे पाय छान आहेत. सेंट क्लेअरची अंगकाठी भरदार, पण त्याला अजून वेळ द्यायला हवा. आजोबांचं मत नेमकं उलट होतं, आणि आम्ही दोघंही आपापल्या मतावर ठाम राहिलो. पुढे ऑगस्टमध्ये निवड झाली ती सेयिनचीच.

मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट मात्र हेल्मेटवर होती. संघाचं हेल्मेट करड्या चंदेरी रंगाचं. नव्याने आलेल्या मुलाच्या हेल्मेटवर मधोमध काळी पट्टी चिकटवलेली असते. 2012 पासूनची ही पद्धत. काळी पट्टी आहे तोवर तू अजून संघाचा झाला नाहीस. शाळेत कितीही नाव काढलेलं असो, दुसऱ्या संघातून वाजतगाजत आलेला असो, पट्टी चुकत नाही. सरावात मेहनत दिसली की एक दिवस सगळ्यांसमोर त्याला उभं करतात, पट्टी सोलून काढतात, आणि तो दोन शब्द बोलतो. ती निघते सरावातल्या घामावर, म्हणून मला तिचं कौतुक. हंगामात चांगला खेळ केला की बकआय या तिथल्या झाडाच्या पानाची छोटी चिकटचित्रंही त्याच हेल्मेटवर लागतात, पण ते नंतरचं.

आजोबांच्या पेन्सिलीची खूण एकाच नावाखाली होती. त्यांच्या गावचा मुलगा. शिष्यवृत्ती नाही, आपल्या खर्चाने शिकतो आणि संघासोबत सराव करतो. अशी मुलं हंगामात जवळपास मैदानावर येतच नाहीत. आठवडाभर सरावात समोरच्या संघाची भूमिका वठवायची, मार खायचा, आणि शनिवारी कडेला उभं राहायचं. शेवटच्या भागात तो मुलगा थोडा वेळ उतरला. त्याने केलेलं काहीच माझ्या लक्षात राहिलं नाही, पण तो मैदानात असेपर्यंत आजोबा उभे होते. "हा आम्हाला दिसायचा तो याच दिवशी," एवढंच ते म्हणाले.

आणि तोही दिवस आता किती टिकेल कोण जाणे. नेब्रास्का आणि टेक्सस या दोन मोठ्या विद्यापीठांनी 2025 साली असा सामना ठेवलाच नाही. नेब्रास्काच्या प्रशिक्षकांनी कारणही उघड सांगितलं: आमची मुलं टीव्हीवर दिसली की दुसरे संघ त्यांना फोडायला बघतात. तेव्हा एप्रिलमध्ये खेळाडूंना संघ बदलायला दहा दिवसांची मुदत होती, त्यामुळे ही भीती अगदीच खोटी नव्हती. शिवाय 2025 च्या जूनमध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठं आता खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत. त्याच तडजोडीत संघ 105 जणांचाच ठेवायचं कलम आहे. आधी कितीतरी संघांत याहून जास्त मुलं असायची. कात्री लागणार ती आजोबांच्या गावच्या मुलासारख्यांना. ज्यांची जागा या कलमामुळे गेली त्यांना मोजणीतून सूट द्यायची सोय ठेवली आहे म्हणा, पण ती आहेत त्या मुलांपुरती. पुढच्यांचं काय? पैसे मिळावेत हे मला मान्य आहे, इतकी वर्षं मुलांच्या जिवावर बाकी सगळे कमावत होते. पण मागच्या रांगा कापून आणि दारं लावून घेऊन खेळ मोठा होईल, असं मला वाटत नाही.

आता आपल्याकडे. हुतुतूचे नियम 1923 मध्ये छापले ते आपल्या बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने, आणि अखिल भारतीय स्पर्धाही इथेच भरवली. प्रा. माणिकरावांचं जुम्मादादा व्यायाम मंदिर याच गावातलं. मांडवीच्या मशिदीच्या आवारात खेळत खेळत पठाण बंधू भारताच्या संघात गेले, तिथे तर नमाजाला येणारा-जाणारा प्रत्येक जण बघत होता. या गावात व्यायाम आणि खेळ लोकांच्या देखत होत आले. आज मी ज्या मैदानावरून सकाळी फिरायला जाते, तिथे सराव सुरू झाला की फाटकाला आतून कुलूप लागतं. चौकशी केली तर रखवालदार म्हणाला, "मावशी, मॅच असेल तेव्हा या." दोन मुली बाहेरून गजांना धरून बघत होत्या. त्यांना सामना बघायचा नव्हता. आपल्याला घेतील का, हे बघायचं होतं, आणि ते सरावातच कळतं. विश्वचषकानंतर खो-खोची चौकशी करणाऱ्या मुली वाढल्या आहेत, माझ्या दारातही येतात. त्यांना मी पाठवू कुठे?

सुरक्षिततेचं कारण पुढे येईल, याची मला कल्पना आहे. मुलींच्या सरावाला रिकामटेकड्यांची गर्दी कोणालाच नको. पण त्यावर उपाय नोंदवही आणि एक जबाबदार बाई. पूर्ण कुलूप नव्हे. माझ्या शाळेत कडेच्या ओट्यावर मुलींच्या आया, आज्या, गल्लीतल्या धाकट्या बहिणी बसायच्या. कोणी भाजी निवडायची, कोणी दुपट्याला टाके घालायची. त्या बहिणींतल्याच पुढे संघात आल्या, आणि त्यांना पाटात कसं बसायचं हे मला पहिल्या दिवशी शिकवावं लागलं नाही.

तेव्हा आपल्याला विनंती अशी की सरावाचे फोटो बंद करू नयेतच, उलट कोणत्या शाळेचा, कोणत्या मंडळाचा सराव कुठे आणि किती वाजता चालतो, हे आठवड्यातून एकदा दोन ओळींत छापावं. शाळा आणि मंडळांनी आपापल्या वेळा कार्यालयात कळवाव्यात. फाटकावर वेळेची पाटी लावावी आणि आत एखादा बाक टाकावा, याला फार खर्च येत नाही. पालकांना अट एकच असावी: रेषेच्या बाहेर बसायचं आणि तिथून आपल्या मुलीला सूचना द्यायच्या नाहीत. त्यासाठी बाई आहेत.

आपली,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका
बाबाजीपुरा, बडोदा