बॅटरीच्या झाकणामागे चिकटवलेल्या पट्टीबद्दल आभार

नमस्कार दादा,

आमच्या मोटरहोमची, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाडीची, मागची बॅटरी (घराच्या भागातले दिवे, पंप चालवणारी) आता रात्रभर टिकते. त्याबद्दल आभार तर आहेतच, पण काम संपल्यावर जाता जाता तुम्ही जे केलंत ते मनातून जात नाही. म्हणून चार लोकांना वाचता येईल असं हे पत्र लिहितो आहे.

लांबच्या प्रवासात मोटरहोम बिघडलं की त्याला कोणी वाली नसतो. गाडीचे मेकॅनिक म्हणतात, मागचं घराचं वायरिंग आम्ही बघत नाही. घरगुती उपकरणं दुरुस्त करणारे म्हणतात, १२ व्होल्टचं काम गाडीवाल्याला दाखवा. आणि बिघाड नेमका या दोघांच्या मधे, अल्टरनेटरपासून (इंजिनावर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्रापासून) मागच्या बॅटरीपर्यंत जाणाऱ्या वायरीत दडलेला असतो. त्यात हा बिघाड लपंडाव खेळतो. मुक्कामाच्या जागी विजेचं कनेक्शन मिळालं की चार्जर बॅटरी पूर्ण भरतो आणि सगळं ठीक वाटतं. विजेशिवाय दोन रात्री काढायची वेळ आली की दिवे मंदावतात, पाण्याचा पंप कण्हू लागतो.

तुमच्याआधी ज्यांनी गाडी पाहिली त्यांच्याकडे उत्तर एकच होतं: बॅटरी बदला. बॉनेट उघडून पुढच्या, इंजिनाच्या बॅटरीवर मीटर लावायचा, १४.२ व्होल्ट दिसलं की चार्जिंग ठीक म्हणून सांगायचं. मागे मोजलंच तर गाडी थांबल्या थांबल्या. तेव्हा नुकत्याच झालेल्या चार्जिंगचा प्लेटांवर वरवर उरलेला चार्ज असतो, त्यामुळे थकलेली बॅटरीसुद्धा १२.८ दाखवते, खरा आकडा कळायला काही तास तिच्यावर कसलाही लोड, म्हणजे वीज ओढणारं काही, नको. एवढं साधं कोणी केलं नाही. नवी बॅटरी विकली, आणि तीही त्याच वायरीवर अर्धपोटी राहिली. लेड-ॲसिड बॅटरी सतत अपुरी चार्ज झाली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि ती कायमची कमजोर होते. म्हणजे जुनी ज्यानं गेली त्यानंच नवीही जायला निघाली होती. याचा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही इंजिन चालू ठेवलंत, फ्रीज १२ व्होल्टवर लावलात, आणि अर्धा तास तसंच चालू दिलंत. मग मीटर मागच्या बॅटरीच्या टर्मिनलवर धरलात. पुढे १४.२, मागे १२.९. लोड चालू असताना मोजल्याशिवाय हा फरक दिसतच नाही, आणि हेच आधी राहून गेलं होतं.

पुढचा हिशेब तुम्ही तिथंच समजावलात. वायर ६ चौरस मिलिमीटरची. जायची सात मीटर, यायची सात मीटर, मिळून चौदा. तांब्याचा विद्युत रोध धरला तर साधारण ०.०४ ओहम. हा फ्रीज उष्णतेवर चालतो, गॅसच्या किंवा विजेच्या हीटरच्या; तो हीटर १२-१३ अँपिअर ओढतो, बॅटरीत पंधराएक जातात. म्हणजे सत्तावीसच्या आसपास अँपिअर आणि एक व्होल्टहून थोडा जास्त वाटेतच खर्च. उरलेला ०.२ व्होल्ट चेसिसवरच्या अर्थनं, म्हणजे निगेटिव्ह वायर गाडीच्या सांगाड्याला जोडतात त्या जोडानं, खाल्ला होता. तिथं नटाखाली रंगाचा थर होता आणि थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी) हिरवट पडली होती. फ्रीज प्रवासात धड गार का होत नव्हता, तेही यातच उलगडलं. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या (व्होल्टेज गुणिले व्होल्टेज) प्रमाणात बदलते, १३.८ चे ११ झाले की ती दोन तृतीयांशाच्याही खाली येते.

उपाय तुम्ही नीट केलात. दोन्ही वायरी २५ चौरस मिलिमीटरच्या टाकल्यात. दोन्ही टोकांना बॅटरी, म्हणून फ्यूजही दोन्ही टोकांना, बॅटरीच्या जितका जवळ बसेल तितका. पत्र्यातून वायर जाते तिथं रबरी ग्रोमेट (कडेनं वायर कापू नये म्हणून भोकात बसवायची कडी), सायलेन्सरपासून लांबून नेलेला वायरींचा पाइप, अर्थची जागा घासून चकचकीत केलेली आणि नट कसल्यावर वरून पेट्रोलियम जेली. नवी बॅटरी विकण्यात तुमचा जास्त फायदा होता, आणि ती हवी का म्हणून विचारलंही होतं. तुम्ही म्हणालात, 'आधी हिला पोटभर मिळू द्या.'

आणि मग ती पट्टी. हत्यारं आवरून झाल्यावर तुम्ही मास्किंग टेपचा रुंद तुकडा फाडलात, बॅटरीच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलात आणि मार्करनं ठळक अक्षरांत लिहिलंत. वर तारीख. खाली वायरीचा आकार, फ्यूज ६० अँपिअर, दुसरा फ्यूज कुठं आहे ते. 'अर्थ: डिझेलच्या टाकीमागच्या आडव्या पट्टीवर', शेजारी बाण. मग आकडे: इंजिन चालू, फ्रीज बंद, १४.०, फ्रीज चालू, १३.९. त्याखाली एक ओळ रिकामी सोडलीत: 'सकाळी, काहीही सुरू करण्याआधी', आणि पुढं '१२.४ च्या खाली आलं तर आधी नट बघा'.

हे कोणी सांगितलेलं नव्हतं, त्याचे पैसे नव्हते, आणि आमची गाडी परत तुमच्या दारात येण्याची शक्यताही नव्हती. मोटरहोमचं दुखणं असं की प्रत्येक बिघाड नव्या गावात, नव्या माणसासमोर होतो, आणि तो माणूस शून्यापासून सुरू करतो. तुम्ही ज्याला कधी भेटणार नाही अशा पुढच्या कारागिराचे दोन तास वाचवलेत. आपलं काम तपासता येईल असं उघडं ठेवायला मन स्वच्छ लागतं. ज्याला काही लपवायचं असतं तो आकडे लिहून जात नाही. असा चांगुलपणा फार गाजत नाही, पण अनोळखी रस्त्यावर माणसाला धीर त्याचाच असतो.

रिकामी ओळ भरली आहे: रात्रभर दिवे, पंप आणि गाडी उबदार ठेवणाऱ्या हीटरचा पंखा चालवून, फ्रीज गॅसवर ठेवून, सकाळी १२.५. तुम्ही बजावलं होतंत तसे हजार किलोमीटरनंतर सगळे नट तपासले. मागच्या निगेटिव्ह टर्मिनलचा पाव फेरा फिरला, बाकीचे जागचे हलले नाहीत. फ्यूज होल्डरला हात लावून पाहिला, अर्धा तास चार्जिंगनंतरही तो जेमतेम कोमट होता.

मनापासून आभार, दादा.

आपला ऋणी,
एक मोटरहोमवाला