घड्याळाच्या किमतीबरोबर त्याची हकिगतही छापा

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

राजघराण्यातील एका दुर्मीळ सोन्याच्या मनगटी घड्याळाचा लिलाव होणार असल्याचे वृत्त आपल्या दैनिकात वाचले. अपेक्षित किंमत, सोन्याचे कॅरेट आणि कंपनीचे नाव ही माहिती त्यात ठळकपणे दिली होती. मात्र हे घड्याळ त्या राजाच्याच मनगटावर होते हे कशावरून ठरवले, याविषयी एकही ओळ नव्हती. जुन्या घड्याळांच्या दुरुस्तीत आणि संग्रहात आयुष्याचा मोठा भाग घालवलेला ठाणेकर म्हणून मला ही उणीव खटकली, कारण अशा घड्याळाची सगळी किंमत त्या एका ओळीवरच उभी असते.

सोन्याचा त्यातील वाटा किरकोळ असतो. घड्याळाची केस, म्हणजे बाहेरचे कवच, बहुधा १८ कॅरेटचे, म्हणजे ७५ टक्के सोन्याचे असते आणि त्याचे वजन काही तोळ्यांच्या पलीकडे जात नाही. तरीही व्हिएतनामचे अखेरचे सम्राट बाओ दाई यांचे सोन्याचे रोलेक्स मे २०१७ मध्ये जिनिव्हात फिलिप्स या लिलावगृहाच्या लिलावात ५० लाखांहून अधिक स्विस फ्रँकना विकले गेले. काळी तबकडी, सम आकड्यांच्या जागी हिरे, वार-तारीख-महिना आणि चंद्रकला दाखवणारी रचना, अशी त्याची घडण दुर्मीळ आहेच. पण त्याहून मोलाचे हे, की १९५४ मध्ये शांतता वाटाघाटी चालू असताना सम्राटांनी ते जिनिव्हातच विकत घेतले आणि २००२ मध्ये त्यांच्या कुटुंबाकडूनच ते प्रथम लिलावात आले. मधली कडी कुठे निखळलेली नाही.

चीनचे अखेरचे सम्राट पूयी यांचे घड्याळ सोन्याचे नव्हे, प्लॅटिनमचे होते, तरी त्याचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत कैदेत असताना त्यांनी पाटेक फिलिप या स्विस कंपनीचे हे घड्याळ आपले दुभाषे गिओर्गी पेर्म्याकोव्ह यांना दिले. तबकडीही प्लॅटिनमची आहे का हे पाहण्यासाठी पूयींनी सेवकाकडून तिचा मुलामा खरवडून घेतला होता आणि खाली पितळ निघाल्यावर ते काम तसेच अर्धवट सोडले गेले. एखाद्या दुकानात ही तबकडी गेली असती, तर ‘रिडायल करून टाकू’, म्हणजे तबकडी नव्याने रंगवू, असेच कोणीही सुचवले असते. सुदैवाने तसे झाले नाही. लिलावगृहाने सुमारे तीन वर्षे संशोधन केले, जुन्या आठवणी आणि टिपणे घड्याळाशी ताडून पाहिली, आणि तो खरवडलेला भागच ओळखीची खूण ठरला. मे २०२३ मध्ये हाँगकाँग येथे त्याला ४ कोटी ८८ लाख ५० हजार हाँगकाँग डॉलर, म्हणजे सुमारे ६२ लाख अमेरिकी डॉलर मिळाले.

कंपनीकडून जुन्या नोंदींचा उतारा मिळाला की काम भागते, असा समज संग्राहकांतही आढळतो. पाटेक फिलिपच्या अशा उताऱ्यात मशीनचा व केसचा क्रमांक, निर्मितीचे वर्ष आणि विक्रीची तारीख असते. खरेदीदाराचे नाव त्यात दिलेले नसते. घड्याळ अस्सल आहे हे कंपनी सांगू शकते, ते कोणाचे होते हे घरातील पत्रे, पावत्या, छायाचित्रे आणि झाकणावरचा मजकूर यांवरूनच ठरवावे लागते. मालकीचा प्रश्नही त्यातूनच उभा राहतो. इथिओपियाचे सम्राट हैले सेलासी यांचे सोन्याचे घड्याळ २०१७ मध्ये याच कारणाने जिनिव्हातील लिलावातून मागे घ्यावे लागले होते.

आता आपल्याकडे पाहू. कोल्हापूर, सांगली, औंध, भोर, फलटण आणि आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यातील जव्हार, इतकी संस्थाने मराठी मुलखात नांदली. कारभारी, वैद्य, गवई, पहिलवान यांना प्रसंगविशेषी घड्याळ बक्षीस देण्याची रीत होती, त्यामुळे संस्थानी घड्याळे राजवाड्यांपेक्षा साध्या घरांतच अधिक असावीत. ठाण्यातील एका सराफाच्या पेढीवर अशाच एका घड्याळाची मोड होताना मी पाहिली. मशीन काढून प्लास्टिकच्या पुडीत घालून मालकाला परत दिले होते. केस काट्यावर होती. झाकणाच्या बाहेरच्या बाजूस संस्थानाची मुद्रा व सालाचे कोरीव काम होते, आतल्या बाजूस १८ कॅरेटचा, स्त्रीमुखाचा बारीक स्विस ठसा होता. आजोबांना मिळालेले दरबारचे पत्र घरी कपाटात असल्याचे ते गृहस्थ सहज बोलून गेले. मी थांबण्याची विनंती केली, पण व्यवहार ठरलेला होता आणि घट वजा करून पैसेही मोजून झाले होते. त्यांना पैशांची निकड असेल, त्यांना दोष देण्याचा मला अधिकार नाही. परंतु ते पत्र घड्याळासोबत पेढीवर आले असते, तर निदान मोड करण्यापूर्वी कोणीतरी दुसरा विचार केला असता, याची हळहळ मला अजून वाटते.

कायद्याचा आधारही येथे तोकडा पडतो. १९७२ च्या पुरावस्तूविषयक कायद्याचे संरक्षण मिळण्यासाठी अशी वस्तू किमान १०० वर्षांची असावी लागते. मनगटी घड्याळ पुरुषांमध्ये रुळले तेच मुळी पहिल्या महायुद्धानंतर, त्यामुळे १९३०-४० च्या दशकांतील संस्थानी घड्याळे अद्याप या कायद्याबाहेर आहेत. ती मोडीत जावोत वा परदेशी जावोत, त्यांची नोंद कोठेही होत नाही. २०२५ मध्ये राज्य शासनाने राजे रघुजी भोसले यांची तलवार लंडनच्या लिलावातून सुमारे ४७ लाख रुपयांना घेतली, याचा मला मनापासून आनंद झाला. त्या तलवारीच्या पात्यावर देवनागरीत रघुजींचे नावच कोरलेले होते. घड्याळांच्या बाबतीत एवढा स्पष्ट पुरावा क्वचित मिळतो, म्हणूनच त्यांच्या नोंदीचे काम आधी व्हायला हवे. राज्याच्या पुराभिलेख विभागाकडे कोल्हापूर संस्थानची कागदपत्रे आहेत. घराघरांतील बक्षिसी वस्तूंची छायाचित्रे आणि पत्रांच्या प्रती घेऊन त्या अशा दप्तरांशी पडताळून पाहण्याची सोय त्या विभागाने करावी. ठाण्यात १८९३ पासून कार्यरत असलेल्या मराठी ग्रंथ संग्रहालयासारख्या संस्थेने यासाठी एखादे शिबिर भरवले, तर माझ्यासारखे जाणकार विनामूल्य साहाय्य करतील.

ज्यांच्या घरी असे घड्याळ आहे त्यांनी केसला पॉलिश करू नये, तबकडी नव्याने रंगवून घेऊ नये आणि घड्याळ कोणी, कोणाला, कोणत्या प्रसंगी दिले हे हयात असलेल्या वडीलधाऱ्यांना विचारून तारखेसह लिहून ठेवावे. आपणांस विनंती एवढीच, की लिलावाच्या यापुढील बातम्यांमध्ये वस्तू राजाकडून आजच्या विक्रेत्यापर्यंत कोणाकोणाच्या हातून आली आणि त्याला पुरावा काय, हे दोन वाक्यांत का होईना जरूर छापावे. आणि लिलावगृहाने ते सांगितले नसेल, तर तसेही नमूद करावे.

आपला,
एक वाचक
नौपाडा, ठाणे (पश्चिम)